एमाराणीचें प्रशस्तिचरित व त्याचे दोन शेवट

मध्ययुगीन इंग्लंडच्या राण्यांचीं चरित्रें लिहूं पाहणारास साधनांची फार वाण पडते. राजांच्या मोहिमा, सनदा आणि मृत्यु यांची दखल इतिवृत्तकार घेतात. राणीचें नांव बहुधा विवाहाच्या वर्षीं एकदां येतें व मरणाच्या वर्षीं पुनः एकदां. मधला काळ कोरा राहतो. या सामान्य नियमास एमा राणी हा ठळक अपवाद होय. तिनें स्वतः आज्ञा करून फ्लँडर्समधील एका मठवासीयाकडून लॅटिन भाषेंत एक ग्रंथ लिहविला, आणि अकराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची त्याची एक प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत पुरवणी-संग्रहाच्या क्रमांक ३३२४१ खालीं आज सुरक्षित आहे. ग्रंथाचें रूढ नांव 'एन्कोमियम एम्मे रेगिने', म्हणजे एमाराणीची प्रशस्ति. इ. स. २००८ मध्यें याच ग्रंथाची दुसरी एक जुनी प्रत उजेडांत आली व तिचा शेवट पहिलीहून निराळा निघाला. हस्तलिखितें जमविणाऱ्या व त्यांच्या पाठांची चिकित्सा करणाऱ्या आपल्या वाचकांस हें प्रकरण प्रमाणविचाराचा एक दृष्टान्त म्हणून उपयोगीं पडेल अशा समजुतीनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रश्न असा कीं, जो ग्रंथ आपल्या नायिकेच्या पहिल्या पतीचें नांवही घेत नाहीं, तो तिच्या चरित्राचें साधन म्हणून ग्राह्य मानावा कीं त्याज्य? आमचें उत्तर असें कीं, तो ग्राह्य आहे. परंतु तो जें सांगतो त्यापेक्षां जें गाळतो व पुढें जें बदलतो त्यासाठीं अधिक ग्राह्य आहे. हें सिद्ध करण्यापूर्वीं घटनाक्रम थोडक्यांत देणें अवश्य आहे.

एमा ही नॉर्मंडीचा ड्यूक पहिला रिचर्ड व गुन्नोर यांची कन्या. १००२ सालीं तिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा एथेलरेड याच्याशीं झाला व इंग्रज दरबारांत तीस एल्फगिफू हें देशी नांव मिळालें. या विवाहापासून एडवर्ड व आल्फ्रेड हे दोन पुत्र आणि गॉडगिफू ही कन्या झाली. १०१३ मध्यें डेन्मार्कचा राजा स्वेन यानें इंग्लंड जिंकलें, तेव्हां राजकुटुंबानें नॉर्मंडींत आश्रय घेतला. स्वेन १०१४ च्या फेब्रुवारींत वारला, एथेलरेड परतला व २३ एप्रिल १०१६ रोजीं तोही निवर्तला. त्याचा पहिल्या पत्नीपासून झालेला पुत्र एडमंड त्याच वर्षाच्या ३० नोव्हेंबरास मरण पावला आणि स्वेनपुत्र क्नूट सर्व इंग्लंडचा स्वामी झाला. समुद्रास मागें हटण्याची आज्ञा करणारा म्हणून ज्याची गोष्ट शालेय पुस्तकांत येत असे तो कॅन्यूट हाच. जुलै १०१७ मध्यें त्यानें एमेशीं विवाह केला. म्हणजे ज्याच्याशीं लढून राज्य मिळविलें त्याच्याच विधवेशीं. या दुसऱ्या विवाहापासून हार्थाक्नूट हा पुत्र व गुन्हिल्ड ही कन्या झाली. एथेलरेडचे पुत्र मात्र मामाच्या घरीं, नॉर्मंडींत, वाढले.

क्नूट १२ नोव्हेंबर १०३५ रोजीं वारला. हार्थाक्नूट त्या वेळीं डेन्मार्कांत गुंतला होता. ती संधि साधून नॉर्दॅम्प्टनची एल्फगिफू या क्नूटच्या दुसऱ्या स्त्रीचा पुत्र हॅरल्ड यानें इंग्लंड बळकाविलें. १०३६ मध्यें आल्फ्रेड इंग्लंडांत उतरला, पकडला गेला, त्याचे डोळे काढण्यांत आले आणि ईली येथें त्याचा अंत झाला. १०३७ मध्यें हॅरल्डनें एमेस देशाबाहेर घालविलें. फ्लँडर्सचा काउंट पांचवा बॉल्डविन याच्या आश्रयानें तिनें ब्रूझ येथें हद्दपारीचे दिवस काढले. १७ मार्च १०४० रोजीं हॅरल्ड वारल्यावर हार्थाक्नूट व एमा परत आलीं. १०४१ मध्यें एडवर्डास नॉर्मंडींतून बोलावून राज्यांत सहभागी करण्यांत आलें. याच सुमारास, म्हणजे १०४१-४२ च्या संधींत, आपला ग्रंथ रचला गेला. पुढें ८ जून १०४२ रोजीं एका विवाहाच्या मेजवानींत हातीं पेला असतांनाच हार्थाक्नूट कोसळून मेला आणि एडवर्ड एकटा राजा उरला.

आतां ग्रंथाकडे वळूं. कर्त्यानें आपलें नांव दिलेलें नाहीं. परंतु तो सेंट ओमेर येथील सेंट बेर्टिनच्या मठाशीं संबद्ध होता हें त्याच्या लिहिण्यावरूनच ठरतें. रोमच्या वाटेवर क्नूट तेथें आला असतां त्यानें केलेलें दान व ढाळलेले अश्रु यांचें वर्णन हा कर्ता प्रत्यक्षदर्शी म्हणून करतो. ग्रंथाचे तीन खंड आहेत. पहिल्यांत स्वेनची स्वारी, दुसऱ्यांत क्नूटचा विजय व राज्य, आणि तिसऱ्यांत क्नूटच्या मृत्यूनंतरची यादवी. पहिल्या खंडांत एमा कोठेंच नाहीं. दुसराही बराचसा संपत आल्यावर ती प्रथम दिसते. १६१९ मध्यें ड्यूशेननें पॅरिस येथें हा ग्रंथ पहिल्यानें छापला, तेव्हां त्यास राणीच्या प्रशस्तीचें नांव दिलें. उलट एकोणिसाव्या शतकांत जर्मन संपादक पेर्ट्झ यास तो क्नूटच्या पराक्रमांचा ग्रंथ वाटला व त्यानें त्या अर्थाचें नांव पुढें घातलें. नांवाविषयींचा हा मतभेद निरर्थक नाहीं. जिच्या स्तुतीसाठीं ग्रंथ लिहिला ती अर्ध्या ग्रंथांत अनुपस्थित कां, हा त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न आहे.

कर्त्यास हा आक्षेप येणार हें ठाऊक होतें. प्रस्तावनेनंतर जो विषयसंक्षेप त्यानें जोडला आहे त्यांत तो व्हर्जिलचा दाखला देतो. ईनीड काव्य ऑक्टेव्हियनच्या स्तुतीस्तव रचलें, तरी त्यांत त्याचें नांव क्वचित् येतें. त्याच्या वंशाची कीर्ति गाइली कीं ती त्याचीच झाली. तद्वत् येथेंही आरंभापासून अखेरपर्यंत जें आहे तें राणीचेंच यश, असें त्याचें म्हणणें. आपणांस हा युक्तिवाद अपरिचित नाहीं. रघूच्या वंशाचें वर्णन करणारा कवि कोणा एकाच राजाचें चरित्र सांगत नसतो. परंतु वंश सांगावयाचा तर कोणाचा, हें ठरविणें कवीच्या हातीं असतें. एमेच्या या चरितकारानें तिचा पितृवंश सांगितला नाहीं, पहिल्या पतीचाही नाहीं. दुसऱ्या पतीचा तेवढा सांगितला. ही निवड हेतुपुरस्सर आहे.

याहून विशेष म्हणजे प्रस्तावनेंतील सत्याविषयींची प्रतिज्ञा. इतिहास लिहिणारानें चुकीनें वा शोभेकरितां एखादी कल्पित गोष्ट आंत घातली, तर श्रोत्यास ती एक लबाडी कळतांच खऱ्या गोष्टीही तो खोट्या मानूं लागतो, असें हा कर्ता बजावतो. कल्हणानें इतिहासकारापासून न्यायाधीशाच्या निःस्पृहतेची अपेक्षा केली, तिच्याच जातीची ही भूमिका आहे. अशी प्रतिज्ञा करणाऱ्या ग्रंथांत आतां काय काय आढळतें तें पाहूं.

पहिली गोष्ट विवाहाची. ग्रंथ म्हणतो कीं, क्नूटनें योग्य वधूसाठीं देशोदेशीं शोध करविला व अखेर ती नॉर्मंडींत सांपडली. वाटाघाटींच्या प्रसंगीं तिच्यासाठीं जो लॅटिन शब्द योजला आहे तो कुमारिकेचा वाचक आहे. एथेलरेडचें नांव नाहीं, चौदा वर्षांच्या पहिल्या संसाराचा उल्लेख नाहीं. इंग्रज इतिवृत्त मात्र कोरडेपणानें सांगतें कीं, मृत राजाची विधवा आपली पत्नी व्हावी म्हणून क्नूटनें तीस आणविलें. पुढें ग्रंथकार लिहितो कीं, एमेनें एक अट घातली: दुसऱ्या कोणत्याही स्त्रीच्या पुत्रास क्नूटनें आपल्यामागें राज्य देऊं नये, देव देईल त्या तिच्याच पुत्रास द्यावें, आणि त्यानें तशी शपथ वाहिली. हार्थाक्नूट जन्मल्यावर त्यास वारस म्हणून जवळ ठेवून उभयतांनीं आपल्या 'इतर' कुलीन पुत्रांस शिक्षणासाठीं नॉर्मंडीस पाठविलें, असेंही वाक्य येतें. हे इतर पुत्र म्हणजे एडवर्ड व आल्फ्रेड. ते क्नूटचे होते असें स्पष्ट म्हटलेलें नाहीं. पण नवखा वाचक दुसरें कांहीं समजणार नाहीं अशीच वाक्यरचना आहे.

दुसरी गोष्ट पत्राची. आल्फ्रेड इंग्लंडांत कां आला? ग्रंथ म्हणतो कीं, हॅरल्डनें राणीच्या नांवें एक बनावट पत्र लिहवून तिच्या मुलांकडे धाडलें व त्यांपैकीं एकानें गुप्तपणें यावें असें त्यांत सुचविलें. तें पत्र ग्रंथांत समग्र दिलें आहे. आधुनिक संशोधकांपैकीं अनेकांनीं येथें शंका घेतली आहे कीं, पत्र खरोखर एमेचेंच असावें. हार्थाक्नूट येत नाहीं असें दिसल्यावर तिनें पहिल्या पुत्रांकडे दृष्टि वळविली असावी, आणि आल्फ्रेडच्या हत्येनंतर तें पत्र नाकारणें तीस भाग पडलें असावें. या ठिकाणीं प्रमाणाची मर्यादा संभाळून बोलणें इष्ट आहे. कोणीही अभियुक्त आपणहून बनावट दस्तऐवज न्यायसभेपुढें मांडून तो नाकारीत बसत नाहीं. दस्तऐवजाचा बोभाटा आधीं झालेला असेल तरच तसें करतो. तेव्हां १०४१ मध्यें राणीच्या पत्रामुळें आल्फ्रेड मृत्यूच्या तोंडीं गेला असा प्रवाद दरबारांत चालू होता, इतकें या प्रकरणावरून निश्चित मानतां येतें. पत्र तिनें लिहिलें हें यावरून सिद्ध होत नाहीं, आणि लिहिलें असलें तरी पुत्राचा घात करण्यासाठीं लिहिलें हें तर मुळींच सिद्ध होत नाहीं. एमेस पुत्रघातिनी ठरविणाऱ्या व तीस निष्कलंक ठरविणाऱ्या, अशा दोन्ही पक्षांनीं ही मर्यादा ओलांडली आहे.

तिसरी गोष्ट गॉडविनची. आल्फ्रेडास पकडण्यांत वेसेक्सचा अर्ल गॉडविन याचा हात होता असें इतिवृत्ताचा एक पाठ नांव घेऊन सांगतो. आपला ग्रंथ मात्र म्हणतो कीं, गॉडविननें राजपुत्राचें स्वागत केलें, त्यास आपल्या रक्षणाखालीं घेतलें, लंडनकडे न नेतां गिल्डफर्ड येथें नेऊन त्याच्या माणसांच्या जेवणाखाणाची व्यवस्था केली आणि स्वतः निघून गेला. रात्रीं हॅरल्डचे लोक आले व त्यांनीं सर्वांस बांधलें. दोष हॅरल्डवर ढकलून गॉडविनास सोडून दिलें आहे. कारण उघड आहे. १०४१ मध्यें हॅरल्ड मेलेला होता आणि गॉडविन हार्थाक्नूटच्या दरबारीं जिवंत व बलाढ्य होता. बाराव्या शतकांतील वुस्टरचें इतिवृत्त सांगतें कीं, या प्रकरणाचा राग शमविण्यासाठीं गॉडविननें हार्थाक्नूटास ऐंशीं सुसज्ज योद्ध्यांसह एक शृंगारलेलें जहाज नजर केलें होतें. तथापि ग्रंथकारानें त्यास निर्दोष असेंही कोठें म्हटलेलें नाहीं. लंडनची वाट त्यानेंच चुकविली एवढी एक गोष्ट त्यानें नोंदून ठेविली आहे. ज्यास समजावयाचें त्यास समजावें.

याच खंडांत ब्रूझ येथील एक प्रसंग आहे. हद्दपार राणीनें एडवर्डास भेटीस बोलाविलें. तो आला, आईच्या दुःखानें कळवळला, परंतु म्हणाला कीं, इंग्रज सरदारांनीं आपणांस कधीं शपथ दिलेली नाहीं, यास्तव आपला उपाय नाहीं. साह्य मागावयाचें तर हार्थाक्नूटकडे मागावें. एथेलरेडच्या ज्येष्ठ जिवंत पुत्राच्या तोंडीं हें वाक्य घातलें आहे! वारसा बापाकडून येत नाहीं, सरदारांच्या शपथेनें येतो, असें तो स्वतःच कबूल करतो. बापाचें नांव ग्रंथांतून पुसल्यावांचून हें संभाषण लिहितां आलें नसतें.

या सर्वांमुळें जुन्या इतिहासकारांनीं ग्रंथावर असत्याचा शिक्का मारला व तो बाजूस ठेवला. १९४९ मध्यें अलिस्टर कँबेल यांनीं लॅटिन मूळ, इंग्रजी भाषांतर व विस्तृत टीपा यांसह चिकित्सक आवृत्ति काढली आणि १९९८ मध्यें सायमन केन्स यांच्या नव्या प्रस्तावनेसह ती पुनः छापली गेली. १९९७ मध्यें पॉलीन स्टॅफर्ड यांनीं एमा व तिची सून ईडिथ यांच्यावर जो ग्रंथ लिहिला त्यानें राणीपदाचा विचार जमीनजुमला, खजिना, नातीं व उपाध्या यांच्या आधारें कसा करावा याचा पायंडा घातला. २०१७ मध्यें एलिझाबेथ टायलर यांनीं व्हर्जिल व कल्पित कथा यांचा हा कर्ता जाणूनबुजून कसा उपयोग करतो याची चर्चा केली. या अभ्यासांमुळें ग्रंथ पुनः विचारांत आला, हें त्यांचें ऋण मान्य करून एक मुद्दा आम्हांस अधिक स्पष्टपणें मांडावासा वाटतो.

तो मुद्दा असा. हा ग्रंथ कोणास फसविण्यासाठीं लिहिला, असें विचारलें तर उत्तर देतां येत नाहीं. तो ऐकणाऱ्या दरबारांत कोण होते? स्वतः एडवर्ड, ज्यास आपला बाप कोण हें ठाऊक होतें. हार्थाक्नूट, ज्यास तें तितकेंच ठाऊक होतें. गॉडविन, ज्यास गिल्डफर्डची रात्र आठवत होती. आणि ज्यांनीं एथेलरेडची चाकरी केली होती असे वृद्ध. यांतील एकही मनुष्य फसणारा नव्हता. ज्या असत्यास फसणारा श्रोताच नाहीं, त्याचें प्रयोजन फसवणुकीहून निराळें असलें पाहिजे. आमच्या मतें ग्रंथांतील मौन हें एक तहनाम्याचें कलम आहे. हार्थाक्नूट व एडवर्ड यांचे बाप परस्परांचे वैरी. एकाचा बाप नांवानिशीं आला कीं दुसऱ्याचा हक्क उभा राहतो, आणि जुनें युद्ध पुनः जागें होतें. दोघांस समान अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आई. एका बापाचें नांव गाळलें कीं दोन पुत्र एका आईचीं लेंकरें म्हणून एका आसनावर बसूं शकतात. ग्रंथाचा शेवट नेमका हेंच चित्र दाखवितो: माता आणि दोन पुत्र राज्याचा एकत्र उपभोग घेत आहेत व त्यांच्यांत कलह नाहीं. लंडनच्या प्रतीच्या आरंभीं जें चित्र आहे त्यांतही हेंच दिसतें. मुकुटधारी राणी सिंहासनावर बसली आहे, ग्रंथकार गुडघे टेकून तीस ग्रंथ अर्पण करीत आहे आणि कडेला दोघे पुत्र डोकावून पाहत आहेत. सिंहासनावर राजा नाहीं.

या चित्राशेजारीं सुमारें दहा वर्षें आधींचें दुसरें एक चित्र ठेवून पाहावें. विंचेस्टरच्या न्यू मिन्स्टर मठाच्या नामावलीग्रंथांत, जो सुमारें १०३१ चा मानतात, क्नूट व एमा वेदीवर सोन्याचा क्रूस अर्पण करीत आहेत. तेथें राजाचा एक हात क्रुसावर व दुसरा तरवारीच्या मुठीवर आहे. राणी त्याच्या समोर, कुमारी मेरीच्या आकृतीखालीं उभी आहे. तेथें ती राजाची सहधर्मचारिणी म्हणून येते, आणि प्रशस्तीच्या चित्रांत राजांची जननी म्हणून. पति मेल्यावर राणीचें पद कोणत्या आधारावर टिकतें, याचें उत्तर या दोन चित्रांतील अंतरांत आहे. म्हणून अर्धा ग्रंथ तिच्यावांचून असूनही तो तिचा ग्रंथ आहे, हें कर्त्याचें म्हणणें आम्हांस पोकळ वाटत नाहीं. त्यांतील सर्व लढाया अखेर तिच्या पुत्रांच्या एकासनापाशीं येऊन थांबतात.

आपल्या वाचकांस परिचित असा एक दाखला येथें तुलनेस घेतां येईल. बिल्हणाचें विक्रमांकदेवचरित बूलरला १८७४ मध्यें जैसलमेरच्या भांडारांत सांपडलें. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्यानें १०७६ मध्यें थोरल्या भावास दूर सारून राज्य घेतलें. बिल्हण त्या भावास मदांध व अन्यायी ठरवितो, आणि धाकट्यास प्रत्यक्ष शंकर स्वप्नांत येऊन आज्ञा करतो असें वर्णितो. म्हणजे बिल्हणाचें साधन दूषण आहे, तर फ्लेमिश कर्त्याचें मौन. हा भेद कवींच्या स्वभावाचा नसून प्रसंगाचा आहे. विक्रमादित्याचा प्रतिपक्षी पदच्युत झालेला होता, त्याची निंदा करण्यास भीति नव्हती. एमेच्या दरबारांत एथेलरेडची निंदा केली तर एडवर्ड दुखावणार, स्तुति केली तर हार्थाक्नूट. तेव्हां मौन हीच एक वाट उरली. हॅरल्डविषयीं मात्र या कर्त्याची लेखणी बिल्हणाहूनही मोकळी सुटते: तो क्नूटचा पुत्रच नव्हे, दासीचें मूल चोरून प्रसूतिगृहांत आणून ठेविलें, असें तो सांगतो. मेलेल्या व निर्वंश शत्रूच्या बाबतींत त्यास मौनाची गरज वाटली नाहीं.

हा अन्वय बरोबर असेल तर त्यावरून एक गोष्ट निघते. तहाचा एक पक्ष नाहींसा झाला कीं कलमास अर्थ राहत नाहीं. ग्रंथाचा शेवट बदललाच पाहिजे. आणि तसा तो बदललेला सांपडला आहे. डेव्हनच्या अर्लच्या घराण्यांतील एक हस्तलिखित २००८ मध्यें डेव्हनच्या दफ्तरखान्यांत अभ्यासकांच्या दृष्टीस पडलें. अनेक ऐतिहासिक ग्रंथ एकत्र उतरून घेतलेला हा चौदाव्या शतकांतील संग्रह असून त्या घराण्याच्या नांवावरून त्यास कोर्टनी संग्रह म्हणतात. तो लिलांवांत विकला जाऊन आतां कोपनहेगनच्या राजकीय ग्रंथालयांत आहे. त्यांत ही प्रशस्ति आहे, आणि तींत दोन भावांच्या सहराज्याचें मंगल चित्र शेवटचें नाहीं. हार्थाक्नूट मरण पावला व त्याच्यामागून कायदेशीर वारस एडवर्ड गादीवर आला असें सांगून पुढें एडवर्डच्या सामर्थ्याची, शीलाची व बुद्धीची स्तुति केली आहे. केन्स व रोझलिंड लव्ह यांनीं हा पाठ प्रसिद्ध करून त्याचें विवेचन केलें. कँबेल यांची आवृत्ति वापरणारानें तो पाठ शेजारीं ठेवल्याविना आतां काम चालवूं नये.

'कायदेशीर वारस' या शब्दांचा भार लक्षांत घ्यावा. ब्रूझच्या प्रसंगांत एडवर्डच्या तोंडीं जें वाक्य घातलें होतें त्याच्या हें अगदीं उलट आहे. तेथें शपथेवांचून हक्क नाहीं. येथें हक्क जन्माचा आहे. ज्या बापाचें नांव पुसलें होतें त्याच्याच रक्तानें पुत्र आतां वारस ठरला. आणि मातेचें काय? पहिल्या शेवटांत ती पुत्रांच्या मध्यभागीं आहे. दुसऱ्याचें शेवटचें वाक्य एकट्या एडवर्डचें आहे. ग्रंथ ज्या राणीनें लिहविला तिला तो नव्या राजापुढें घेऊन उभें राहावें लागलें, व तसें उभें राहण्यासाठीं आपलीच जागा रिकामी करावी लागली.

या उपायाचा फारसा उपयोग झाला नाहीं. ३ एप्रिल १०४३ रोजीं एडवर्डचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तो लिओफ्रिक, गॉडविन व सिवर्ड या तीन अर्लांस बरोबर घेऊन ग्लॉस्टरहून विंचेस्टरवर अकस्मात् चालून गेला आणि आईचा खजिना व जमिनी त्यानें ताब्यांत घेतल्या. इतिवृत्तांत कारण दिलें आहे तें असें कीं, राजा होण्यापूर्वीं आणि नंतरही तिनें त्याच्यासाठीं त्याच्या इच्छेपेक्षां कमी केलें. या एका वाक्यांत एडवर्डची पंचवीस वर्षांची परदेशांतील उपेक्षा सामावलेली आहे. प्रशस्तीनें ती उपेक्षा 'शिक्षणासाठीं पाठविलें' अशा शब्दांत झांकली होती. ज्यानें ती भोगली त्यास तें झांकण पटलें नाहीं. पुढें कांहीं सनदांच्या साक्षीदारांत एमेचें नांव पुनः दिसतें, म्हणजे राग कांहीं अंशीं निवळला असावा. पण पूर्वींचें वैभव परत आलें नाहीं. ६ मार्च १०५२ रोजीं ती वारली व विंचेस्टरच्या जुन्या मिन्स्टरमध्यें क्नूट आणि हार्थाक्नूट यांच्या शेजारीं तीस पुरण्यांत आलें. एथेलरेड लंडनच्या सेंट पॉल मंदिरांत होता. मरणांतही तिचें स्थान प्रशस्तीच्या पहिल्या पाठाप्रमाणेंच ठरलें.

तिच्या पश्चात् जी दंतकथा वाढली ती या ग्रंथावरून वाढली नाहीं, हेंही येथें नोंदविलें पाहिजे. बाराव्या शतकाच्या अखेरीच्या विंचेस्टरच्या एका इतिवृत्तांत गोष्ट येते कीं, बिशप एल्फवाइन याच्याशीं संबंध असल्याचा आळ एमेवर आला, तेव्हां तिनें नांगराचे नऊ तापविलेले फाळ अनवाणी चालून दिव्य केलें. चार स्वतःसाठीं व पांच बिशपासाठीं. आणि पायांस फोडही आला नाहीं. तिच्या समकालीन साधनांत याचा मागमूस नाहीं. आपल्या धर्मशास्त्रांतही फाळाचें दिव्य सांगितलें आहे, व सीतेच्या अग्निदिव्याची कथा तर घरोघर माहीत आहे. म्हणून ही गोष्ट आपणांस चटकन् ओळखीची वाटते. तिच्यांतही मूळ प्रश्न तोच राहिला आहे, म्हणजे पुत्रानें मातेवर केलेला अन्याय व त्याचें परिमार्जन. १०४३ ची जप्ती ही सत्य घटना लोकांच्या स्मरणांत शंभर-दीडशें वर्षांनंतर दिव्याचें रूप घेऊन उरली असावी असा आमचा तर्क आहे.

तिच्या अस्थींचीही तिच्या ग्रंथासारखीच गत झाली. जुनें मिन्स्टर पाडल्यावर राजांच्या व बिशपांच्या अस्थि पेट्यांत भरून नव्या मंदिरांत ठेविल्या गेल्या, आणि १६४२ मध्यें पार्लमेंटच्या सैनिकांनीं पेट्या फोडून त्या विखुरल्या. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या तपासणींत तेराशेंहून अधिक अस्थींतून निदान २३ व्यक्ति वेगळ्या ओळखतां आल्या. त्यांत एक प्रौढ स्त्री असून ती एमा असण्याचा संभव सांगितला जातो. ज्यांच्यामध्यें तीस पुरलें त्यांच्याशीं तिचीं हाडें मिसळून गेलीं, आणि आतां तीं एकेक वेगळीं करावीं लागत आहेत.

अखेरीस संग्राहकांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगून हा लेख संपवितों. लंडनची प्रत एमेच्या काळाजवळची, सचित्र व सुंदर. कोपनहेगनची तिच्याहून तीनशेंवर वर्षांनीं अर्वाचीन, अनेक ग्रंथांच्या गर्दींत उतरलेली. जुन्या पद्धतीचा संपादक पहिलीस मूळ मानून दुसरीस अपभ्रष्ट नक्कल म्हणून बाजूस ठेवता. परंतु दुसरींतील शेवट चौदाव्या शतकांतील नकलकारानें रचलेला नसून एडवर्डच्या कारकीर्दींतला आहे. प्रत अर्वाचीन असली म्हणून पाठ अर्वाचीन ठरत नाहीं. आणि दोन पाठ भिन्न असले म्हणून त्यांतील एक खोटा ठरत नाहीं. एकच ग्रंथ एकाच आश्रयदात्याच्या हयातींत दोनदां पुरा झाला असूं शकतो. आपल्याकडेही आज्ञेवरून लिहिलेल्या बखरी व चरित्रें आहेत. त्यांच्या एकाहून अधिक प्रती हातीं आल्या असतां 'हीच बखर आमच्याजवळ आहे' असें म्हणून दुसरी प्रत परत करण्याची घाई होते. निदान तिचीं शेवटचीं दोन पानें ताडून पाहिल्याविना ती परत करूं नये. आश्रयदात्याचें दैव फिरलें कीं ग्रंथाचा आरंभ सहसा बदलत नाहीं; बदलतो तो शेवट.

एमेच्या चरित्राविषयीं म्हणावयाचें तर, तिनें आपली कीर्ति स्वतःच्या हातीं ठेवण्यासाठीं जो यत्न केला तोच तिच्याविरुद्ध साक्ष म्हणून वापरला गेला. तिनें काय लपविलें याची यादी करून तीस दोषी ठरविणें सोपें आहे. परंतु दोन वैरी राजांची पत्नी व दोन प्रतिस्पर्धी राजांची माता असलेल्या स्त्रीस, दोघांपैकीं कोणासही न दुखवितां, आपल्या आयुष्याची कथा कशी सांगतां आली असती याचा विचार तसा निर्णय देणारांनीं केलेला दिसत नाहीं. तिच्या भिक्षूनें ती एका रीतीनें सांगितली, आणि प्रसंग पालटतांच पुनः दुसऱ्या रीतीनें सांगितली. दोन्ही पाठ समोर ठेवून वाचणारास त्यांमधून ती राणी जितकी स्पष्ट दिसते तितकी ती एकट्या कोणत्याही पाठांत दिसत नाहीं.